जुना प्रोग्राम, नवा पीसी

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि पेढ्या, छापखाने, पतसंस्था, दवाखाने अशा ठिकाणी वर्षानुवर्षं टेबलाखाली गुरगुरणारे सीपीयू बदलायची वेळ आली. नवं मशीन येतं, विंडोज ११ बघता बघता सुरू होतं, जुना फोल्डर पेन ड्राइव्हवरून आणून चिकटवला जातो, हिशेबाच्या आयकॉनवर डबल-क्लिक होतं आणि उत्तर मिळतं : हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही. मग सल्ल्यांना ऊत येतो. कुणी फॉरमॅट मारायला सांगतं, कुणी अँटिव्हायरस काढायला, कुणी रॅम वाढवायला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

प्रोग्राम स्वतः बहुतेक वेळा धडधाकट असतो. घोडं अडतं ते त्याच्या आजूबाजूच्या एखाद्या गोष्टीपाशी : इन्स्टॉलर, डोंगल, प्रिंटर, फोल्डरची जागा. ती गोष्ट कोणती हे कळलं की निम्मं काम झालं. तोवर एक पथ्य कडकपणे पाळा. नवा पीसी पूर्णपणे मार्गी लागेपर्यंत जुना भंगारवाल्याला किंवा एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

जुनं मशीन अजून सुरू होत असेल तर आधी त्याच्यापाशी बसा. प्रोग्रामचा अख्खा फोल्डर, विंडोजच्या फाँट फोल्डरमधले मराठी फाँट आणि सी ड्राइव्हच्या मुळाशी असलेल्या ऑटोएक्झेक व कॉन्फिग या नावांच्या छोट्या फायली असं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रोग्रामचा पूर्ण मार्ग दिलेला असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. प्रिंटरच्या सेटिंगचाही काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ३१ मार्चची तेरीज छापून ठेवा. नव्या पीसीवर प्रोग्राम ‘चालला’ की नाही याचा निवाडा त्या कागदाशी पैशापर्यंत ताडून करायचा, नुसता मेनू दिसला म्हणून नव्हे.

याच वेळी स्वतःला एक प्रश्न विचारा. आपल्याला प्रोग्राम हवा आहे की त्यातली माहिती? कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. ती नुसती दाखवता यावीत एवढीच गरज असेल तर खतावण्यांचे पीडीएफ करून ठेवणं पुरतं. रोज नोंदी करायच्या असतील तरच पुढची सगळी यातायात करा.

आधी जात ओळखा

प्रोग्राम कोणत्या काळातला आहे हे त्याच्या फायलीवरच लिहिलेलं असतं. नोटपॅड उघडा आणि त्यात प्रोग्रामची एक्सई फाइल ओढून टाका. पडद्यावर चिन्हांचा खच पडेल, घाबरू नका, आणि सेव्ह मात्र चुकूनही करू नका; केलंत तर फाइल कामातून गेली. खरं तर हे प्रतीवरच करावं. अगदी सुरुवातीला ‘एमझेड’ ही दोन इंग्रजी अक्षरं दिसतील. मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याची ही आद्याक्षरं, डॉसच्या काळापासून प्रत्येक एक्सई फाइल ती कपाळावर मिरवते. त्यानंतरच्या काही ओळींत ‘पीई’ अशी जोडी सापडली तर प्रोग्राम ३२-बिट किंवा ६४-बिट विंडोजचा आहे, म्हणजे आशेला भरपूर जागा आहे. ‘एनई’ सापडलं तर तो विंडोज ३.१ च्या वळणाचा, १६-बिट. दोन्हीपैकी काहीच नसेल तर बहुधा निव्वळ डॉसचा.

ही तपासणी करायचं कारण असं की विंडोज ११ फक्त ६४-बिट आवृत्तीत येतं, आणि ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही. ३२-बिट विंडोजमध्ये, अगदी विंडोज १० पर्यंत, डॉसच्या प्रोग्रामांसाठी एनटीव्हीडीएम नावाची सोय होती. ती ज्या ‘व्हर्च्युअल ८०८६’ अवस्थेवर उभी होती, ती अवस्था प्रोसेसर ६४-बिट पद्धतीने चालत असताना उपलब्धच नसते. त्यामुळे प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटीच्या टॅबवर कितीही खुणा केल्या तरी डॉसचा प्रोग्राम तिथे जागा होणार नाही.

डॉसवाल्यांसाठी

फॉक्सप्रो २.६ किंवा क्लिपरमध्ये लिहिलेले हिशेबाचे, पगारपत्रकाचे, पतसंस्थेचे प्रोग्राम आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. ज्याने लिहिले तो प्रोग्रामर केव्हाच दुसऱ्या उद्योगाला लागलेला असतो, पण रोजची कीर्द मात्र निळ्या पडद्यावरच लिहिली जाते. यांच्यासाठी डॉसचं नाटक वठवणारा एम्युलेटर लागतो. सगळ्यांना ठाऊक असलेला डॉसबॉक्स हा मुळात खेळांसाठी केलेला आहे, आणि त्याचे कर्तेही धंद्याच्या कामाची जबाबदारी घेत नाहीत. कामाच्या प्रोग्रामांसाठी त्याचा भाऊबंद डॉसबॉक्स-एक्स किंवा अक्षरी पडद्याच्या प्रोग्रामांसाठीच बनवलेला व्हीडॉस बरा. छपाई आणि फाइल-लॉकिंग यांचा विचार त्यांत केलेला आहे.

लॉकिंगकडे दुर्लक्ष केलंत तर महागात पडेल. एका टेबलावर एकच माणूस नोंदी करत असेल तर प्रश्न नाही. पण दोन काउंटरांवरून एकाच डीबीएफ फायलीत लिहिलं जात असेल आणि एम्युलेटर रेकॉर्ड नीट अडवून धरत नसेल, तर एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीवर चढते, इंडेक्स बिघडते, आणि ते कळतं महिनाअखेरीला. दोन पीसींवर चालवायचं असेल तर खोट्या माहितीच्या प्रतीवर दोन्हीकडून एकदम तीच पावती उघडून पाहा. दुसऱ्या माणसाला अडवलं गेलं तर ठीक. दोघांनाही सेव्ह करता आलं तर तो मार्ग सोडा.

फोल्डर जोडताना अख्खा सी ड्राइव्ह एम्युलेटरच्या हवाली करू नका, वेगळा फोल्डर करून तेवढाच द्या. जुन्या प्रोग्रामांच्या पोटात मार्ग पक्का कोरलेला असतो. पूर्वी तो डी ड्राइव्हवरच्या अमुक फोल्डरात होता, तर आताही एम्युलेटरमध्ये त्याला तेच अक्षर आणि तेच नाव द्या. नावं आठ अक्षरांच्या आत, मध्ये जागा नको.

सुरू होतानाच ‘डिव्हाइड बाय झिरो’ किंवा ‘रनटाइम एरर २००’ असं काही दिसलं तर फाइल खराब झाली असं समजू नका. त्या काळचे काही प्रोग्राम उठल्या उठल्या एक छोटं आवर्तन फिरवून मशीनचा वेग मोजायचे. आजचा प्रोसेसर ते आवर्तन इतक्या झटक्यात संपवतो की भागाकाराचं गणितच कोसळतं. डॉसबॉक्सच्या कुळातल्या एम्युलेटरमध्ये ‘सायकल्स’चा आकडा खाली आणा, मशीन मुद्दाम मंद करा, प्रोग्राम गुमान सुरू होतो.

छपाई हा डॉसचा खरा छळ. प्रोग्राम एलपीटी-वन या दाराकडे अक्षरं फेकतो, आणि नव्या पीसीला ते दारच नसतं. व्हीडॉस आणि डॉसबॉक्स-एक्स ही अक्षरं झेलून विंडोजच्या नेहमीच्या प्रिंटरकडे देऊ शकतात. लेझर प्रिंटर असेल तर हाच मार्ग. डॉट मॅट्रिक्स यूएसबीने जोडला असेल आणि प्रोग्राम एम्युलेटरशिवाय, पण तरीही एलपीटीकडेच छापणारा असेल, तर तो प्रिंटर विंडोजमध्ये शेअर करून ‘नेट यूज’ या आज्ञेने एलपीटी-वन हे नाव त्या शेअरला जोडता येतं. स्वस्तातले घरगुती प्रिंटर मात्र अशी कच्ची अक्षरं समजत नाहीत; कोरा कागद बाहेर येतो किंवा काहीच येत नाही. तिथे केबल बदलून उपयोग नाही.

‘एनई’वाल्या १६-बिट विंडोज प्रोग्रामांसाठी ओटीव्हीडीएम नावाचं एक मोफत साधन आहे, लिनक्सवरच्या वाइनवर बेतलेलं. छोट्या प्रोग्रामांना ते चालतं. अडलं तर सरळ खाली सांगितलेल्या व्हर्च्युअल मशीनकडे वळा.

३२-बिट : चालतं, पण माहिती कुठे जाते?

एक्सपीच्या काळातले प्रोग्राम विंडोज ११ वर बहुतेक वेळा चालतात. कधी कधी प्रोग्राम ३२-बिट आणि त्याचा सेटअप तेवढा १६-बिट, अशी गंमत असते. काही ठरावीक जुने सेटअप विंडोज ओळखून सांभाळून घेतं. नाही घेतलं तर जुन्या मशीनवरचा बसवलेला फोल्डर उचलून आणा, कित्येक प्रोग्राम तेवढ्यावर चालू लागतात. एखादी ओसीएक्स फाइल नोंदलेली नाही अशी तक्रार आली तर तिची नोंदणी सिसवॉव-६४ या फोल्डरातल्या रेग-एसव्हीआर-३२ ने करा. नावात चौसष्ट असलेल्या फोल्डरात ३२-बिट फायली आणि सिस्टिम-३२ मध्ये ६४-बिट फायली! हे ज्याने ठरवलं त्याला एकदा भेटायला हवं. डॉटनेट मागत असेल तर विंडोज फीचर्समध्ये जाऊन ३.५ ची खूण करा, तिच्यातच २.० सुद्धा येतं.

आता ज्या एका गोष्टीने लोक खरोखर हवालदिल होतात ती. जुना प्रोग्राम सवयीप्रमाणे प्रोग्राम फाइल्समध्ये बसतो आणि आपली माहितीही तिथेच लिहू पाहतो. विंडोज व्हिस्टापासून सामान्य प्रोग्रामला तिथे लिहायची मुभा नाही. पण प्रोग्राम कोसळू नये म्हणून विंडोज एक चलाखी करतं : लिहिलेली फाइल गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरातल्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’मध्ये ठेवतं आणि प्रोग्रामला भासवतं की ती जागच्या जागीच आहे. परिणाम काय होतात पाहा. मालकाच्या लॉगिनमध्ये एक शिल्लक, दिवाणजींच्या लॉगिनमध्ये दुसरी, कारण दोघांचे व्हर्च्युअल स्टोअर वेगळे. रोज रात्री प्रोग्राम फाइल्समधल्या फोल्डरचा बॅकअप निघतो आणि त्यात महिन्यांपूर्वीची शिळी माहिती असते. त्यात कुणी तरी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ची खूण करून देतो. ती केली की चलाखी बंद, प्रोग्राम मूळची शिळी फाइल उघडतो, आणि कालपर्यंतच्या सगळ्या नोंदी गायब! त्या गायब नसतात. व्हर्च्युअल स्टोअरमध्ये पडून असतात. अशा वेळी घाबरून नव्या नोंदी सुरू करू नका. दोन्ही जागच्या फायलींच्या तारखा बघा, दोन्हींच्या प्रती काढा, आणि ताजी कोणती ते ठरवा.

हे सगळं टाळायचा उपाय अगदी साधा आहे. प्रोग्राम सी ड्राइव्हच्या मुळाशी स्वतःच्या फोल्डरात बसवा, प्रोग्राम फाइल्समध्ये नको. एवढं एक केलं तरी कम्पॅटिबिलिटीच्या निम्म्या खुणांची गरज उरत नाही. उरलेल्यांपैकी ‘विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३’ ही पहिली करून पाहावी. पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी किंवा धुरकट दिसत असतील तर त्याच टॅबवर डीपीआयच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ निवडा. खुणा एका वेळी एकच करा आणि निकाल बघा. सगळ्या एकदम केल्या तर कशाने गुण आला तेही कळत नाही आणि कशाने बिघडलं तेही.

मराठी वापरणाऱ्यांनी आणखी एक जागा तपासावी. विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये, नॉन-युनिकोड प्रोग्रामांची भाषा जिथे ठरते तिथे, यूटीएफ-८ साठी ‘बीटा’ अशी एक खूण आहे. ती करावीशी वाटणं साहजिक आहे, युनिकोड म्हणजे मराठीसाठी चांगलंच की! पण श्री-लिपी किंवा आयएसएमचे जुने फाँट इंग्रजी अक्षरसंचाच्या वरच्या अर्ध्या भागात मराठी अक्षरांचे तुकडे बसवतात. ती खूण केली की तो भाग वेगळ्या पद्धतीने वाचला जातो आणि जुन्या प्रोग्रामातल्या मराठीचा पार चिवडा होतो. खूण काढा, भाषा इंग्रजी ठेवा, पीसी रीस्टार्ट करा.

डोंगल

मागच्या बाजूला पंचवीस भोकांच्या पॅरलल पोर्टला लावायचं डोंगल असेल तर मन घट्ट करा. बाजारात मिळणारी यूएसबी-ते-पॅरलल केबल फक्त प्रिंटरसाठी असते, तिच्यावर डोंगल ओळखलं जात नाही. पीसीमध्ये पॅरलल कार्ड बसवता येतं. पण प्रोग्राम ठरावीक पत्त्यावर डोंगल शोधतो आणि नव्या कार्डाचा पत्ता वेगळा असतो. शिवाय ६४-बिट विंडोजला ६४-बिट आणि सही असलेला ड्रायव्हर लागतो. यूएसबी डोंगलचं बरं असतं. हॅस्प आणि सेंटिनेल ही दोन्ही नावं आता थेल्स या कंपनीकडे आहेत आणि नव्या विंडोजसाठीचे ड्रायव्हर तिथून मिळतात. ‘डोंगल तोडून देतो’ म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. परवान्याचा भाग बाजूला ठेवला तरी, हिशेबाच्या मशीनवर अनोळखी माणसाची एक्सई चालवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. प्रोग्रामची कंपनी अजून असेल तर डोंगल बदलून मागा. काही कंपन्या वार्षिक देखभालीचे पैसे भरले की यूएसबी डोंगल किंवा सॉफ्टवेअर-परवाना देतात.

छापखान्यातला पेजमेकर

ऑल्डसने १९८५ मध्ये काढलेला आणि पुढे अडोबीकडे गेलेला पेजमेकर २००१ च्या ७.० या आवृत्तीनंतर थांबला. तरी लग्नपत्रिका, जाहीर नोटिसा, दिवाळी अंकांची पानं त्यावर लावणारे हात अजून आहेत, आणि त्यांचा वेग पाहिला की नवीन शिका असं सांगायची हिंमत होत नाही. ६.५ आणि ७.० हे दोन्ही ३२-बिट असल्याने ते विंडोज ११ वर सहसा चालतात. वर सांगितल्याप्रमाणे प्रोग्राम फाइल्सबाहेर बसवा आणि निदान एक प्रिंटर, मग तो पीडीएफचा का असेना, डीफॉल्ट करून ठेवा, कारण पेजमेकर पान मांडताना प्रिंटरची माहिती विचारतो. जुन्या फायली उघडणारा शेवटचा इनडिझाइन म्हणजे सीएस-६. त्यानंतरच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. लिबरऑफिसचा ड्रॉ त्या उघडतो खरा, पण मांडणी हलते. म्हणून पेजमेकर चालू आहे तोवर महत्त्वाच्या कामांचे पीडीएफ काढून ठेवा.

मशीनच्या आत मशीन

बाकी सगळं थकलं की व्हर्च्युअल मशीन. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत प्रोग्रामात विंडोज एक्सपी बसवायचं आणि जुना प्रोग्राम त्यात नांदवायचा. एक्सपीला एक प्रोसेसर आणि एक जीबी रॅम भरपूर झाली. यूएसबी डोंगल आत पाठवता येतं. एक्सपीचा परवाना स्वतःचा हवा. इंटरनेटवरून उतरवलेली ‘तयार’ एक्सपी घेऊ नका, तिच्यात काय लपलंय ते कुणाला ठाऊक. जुना पीसी जसाच्या तसा आत न्यायचा असेल तर त्याच्या डिस्कची प्रतिमा काढून जोडता येते, पण ती सॅटा म्हणून जोडली तर एक्सपी निळा पडदा दाखवते. आयडीई म्हणून जोडा.

एक्सपीची सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला संपली. त्यामुळे या आतल्या मशीनचं नेटवर्क कार्ड बंद ठेवा, त्यावर ईमेल नाही, ब्राउझर नाही. फायलींची देवघेव शेअर्ड फोल्डरमधून.

आणि स्नॅपशॉटपासून जपून. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घेतला की बिघाड झाल्यावर मागे जाता येतं, हे ऐकायला छान वाटतं. पण मशीन सोमवारच्या स्थितीला नेलं की मंगळवार ते शनिवारच्या पावत्याही पुसल्या जातात. स्नॅपशॉट प्रोग्रामसाठी, माहितीचा बॅकअप रोज वेगळा, बाहेरच्या डिस्कवर.

नवा पीसी अजून घ्यायचाच असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. स्नॅपड्रॅगनसारख्या एआरएम प्रोसेसरचे लॅपटॉप बॅटरीला उत्तम असतात, पण इंटेल-एएमडीसाठी लिहिलेले ड्रायव्हर त्यांवर चालत नाहीत. डोंगलवाल्यांनी तिकडे फिरकू नये.

माहिती बाहेर काढणं

हे सारे उपाय म्हणजे मिळालेली मुदत आहे, आणि त्या मुदतीत माहिती मोकळी करून घेणं हेच खरं काम. डीबीएफ फाइल लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये थेट उघडते. सोबतच्या एफपीटी किंवा डीबीटी फायली त्याच फोल्डरात हव्यात, त्यात शेऱ्यांचा मजकूर असतो. मूळ फायलींवर नाही, प्रतीवर काम करा. बेरीज जास्त आली तर एक शक्यता आधी बघा : डीबीएफमध्ये पुसलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही, तिच्यावर नुसती खूण होते आणि ‘पॅक’ केल्यावरच ती जाते. अशा मेलेल्या नोंदी कधी कधी बेरजेत येऊन बसतात.

मराठी मजकूर मात्र उघडताच अगम्य दिसेल. तो कोणत्या पद्धतीचा आहे यावर पुढचं अवलंबून. सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर टंकलेली माहिती इस्की या प्रमाणित संकेतात असते, आणि इस्कीत अक्षरं उच्चाराच्या क्रमानेच साठवलेली असल्याने युनिकोडमध्ये ती सुबकपणे बदलते. म्हणजे सगळ्यात जुनी माहिती सगळ्यात सोपी. फाँटवर आधारलेली माहिती मात्र दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असते : पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. परिवर्तकाला ही उलटापालट करावी लागते, आणि वेलांटी नि रफार जवळजवळ आले की तो हमखास गडबडतो. म्हणून पाच हजार सभासदांची यादी एकदम घालू नका. आधी शिर्के, किर्लोस्कर, मिर्झा, धर्माधिकारी, कऱ्हाडकर, कुऱ्हाडे अशी आडनावं निवडून तेवढीच बदलून पाहा. ती सरळ आली तर बाकीची यादी घाला, नाही तर परिवर्तक बदला.